मोठी कंपनी की जवळची?

मोटारीचा विमा कोणत्या कंपनीकडे उतरवावा, हा प्रश्न मोटारमालकाला वर्षातून एकदाच पडतो. तोही बहुधा जुन्या पॉलिसीची मुदत संपत आली म्हणजे. त्या घाईत दोन सल्ले हमखास मिळतात. कंपनी मोठी असावी, म्हणजे पैसे बुडत नाहीत, हा एक. आणि कंपनी जवळची असावी, म्हणजे अडीनडीला माणूस भेटतो, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. परंतु आपल्याकडील विमाव्यवसायाची घडण ध्यानात न घेता त्यांपैकी एकाचीच कास धरणे हिताचे नाही.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि १०७ विमाव्यावसायिकांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. मात्र किमान १०० कोटी रुपयांच्या भांडवलाची अट घातली. तेव्हा केवळ एका गावापुरती वा जिल्ह्यापुरती मोटारविमा कंपनी आपल्याकडे उरलेली नाही. ‘जवळची कंपनी’ याचा अर्थ जवळची शाखा, ओळखीचा एजंट आणि कंपनीशी करार असलेले गावातले गॅरेज एवढाच होतो.

दराच्या बाबतीत तर अर्धा वाद मुळातच निकालात निघतो. त्रयस्थाला होणाऱ्या हानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तो ३,४१६ रुपये होता. कंपनी कोणतीही असो! खरी स्पर्धा आहे ती स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीच्या विम्यात. तेथील दर २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीवर सोपविले गेले.

आकार म्हणजे भक्कमपणा, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. चार सरकारी कंपन्यांपैकी तिघींना सावरण्यासाठी २०१९ ते २०२२ या काळात केंद्र सरकारला १७ हजार कोटींहून अधिक भांडवल ओतावे लागले. दुसऱ्या बाजूस, जवळीक म्हणजे न्याय असेही नव्हे. एजंटाचा तोंडी शब्द कितीही गोड असला तरी भरपाई ठरते ती पॉलिसीच्या कलमांवरून.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा वाहनेही बुडाली. अशा वेळी मोटारमालकाला हवा असतो वेळेवर येणारा सर्व्हेअर आणि ‘पाणी शिरलेले इंजिन सुरू करू नका’ असे तत्काळ बजावणारा जाणकार. कारण पुरानंतर इंजिन सुरू केल्याने ते बिघडले, तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण आधीच घ्यावे लागते. मुंबईतील उंच इमारतीवरची पाटी तेथे कामास येत नाही.

म्हणून ग्राहकाने कंपनीचे नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या तालुक्यात कोणते गॅरेज रोख पैसे न घेता दुरुस्ती करील, सर्व्हेअर कोठून येईल आणि कोणते नुकसान पॉलिसीतून वगळले आहे. उत्तरे समाधानकारक नसतील तर कंपनी बदलण्यास कचरू नये. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलत मालकाची असते, कंपनीची नव्हे. ती नव्या कंपनीकडेही नेता येते.

परंतु सारा भार ग्राहकाच्या चौकसपणावर टाकून भागणार नाही. कंपनीने देशभरात किती क्लेम निकालात काढले, या आकड्यावरून चिपळूणच्या वा गडचिरोलीच्या माणसाला आपली गत काय होईल हे कळत नाही. प्रत्येक कंपनीने जिल्हावार किती क्लेम आले, किती दिवसांत फेडले आणि किती नाकारले, हे प्रसिद्ध करावे, असे बंधन विमा नियामकाने घातले पाहिजे. जो विमा घेण्याची सक्ती कायदा करतो, त्या विमा कंपनीची पारख करण्याचे साधनही कायद्यानेच द्यावयास नको काय?