पदक आपले, काडतूस कोणाचे?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि अवघ्या महाराष्ट्राची मान उंचावली. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर मराठी मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी तब्बल ७२ वर्षे जावी लागली. मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. ते सारे यथोचितच होते. मात्र या जल्लोषात एक साधा प्रश्न कोणालाही विचारावासा वाटला नाही. भारतीय नेमबाजाच्या रायफलीत जे काडतूस असते, ते येते कोठून?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्याची लाज वाटेनाशी झाली आहे. ते येते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून किंवा जर्मनीतून. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ ही नावे देशातील कोणत्याही रेंजवरच्या पंधरा वर्षांच्या मुलालाही तोंडपाठ असतात. आता याच बर्मिंगहॅमने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतून नेमबाजी हा खेळच वगळला. भारताची हक्काची पदके बुडाली, त्यावर आपल्याकडे आरडाओरड झाली. बर्मिंगहॅमच्या काडतुसांची मागणी मात्र तसूभरही घटली नाही!

या काडतुसाची महती समजून घेतल्याखेरीज प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. ५० मीटर रायफलीत वापरले जाणारे ५.६ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे ‘पॉइंट टू टू’ रिमफायर काडतूस मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाचे बनवलेले असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून अधिक वेगाने निघाली, तर वाटेत मंदावताना तिला ध्वनीच्या वेगाचा उंबरठा पुन्हा ओलांडावा लागतो आणि त्या क्षणी हवेचे हेलकावे तिला ढळवतात. म्हणून उत्तम काडतुसाची गोळी सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपासच ठेवली जाते. ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. एका काडतुसात आणि पुढच्यात वेगाचा किंचितही फरक पडला, तरी गोळी वरखाली सरकते. नेमबाजाचा श्वास, हृदयाचे ठोके, खांद्याचा ठाव सारे अचूक असूनही गुण नऊच मिळतात, आणि दोष मात्र मुलाच्या माथी मारला जातो.

येथेच परावलंबनाची खरी मेख आहे. मोठ्या बोअरच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करून, तिच्या बुडातील टोपी बदलून ती पुन्हा भरता येते. अमेरिकेत हजारो हौशी नेमबाज घरच्या घरी हा उद्योग करतात, आणि आपापल्या बंदुकीला मानवेल असे मंद वा वेगवान काडतूस सिद्ध करतात. भारतात परवान्याविना तसे करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे व ती योग्यच आहे. परंतु रिमफायरच्या बाबतीत कायदा शिथिल केला तरी उपयोग शून्य! कारण त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच आतून पसरवलेले असते. घोड्याने ती कडा चेपली की पुंगळी कायमची बाद. म्हणजे या खेळात हाताच्या कौशल्याने वेळ मारून नेण्याची सोयच नाही. जे कारखान्यातून येईल तेच नेमबाजाचे नशीब.

आणि कारखान्यातून येणारे सारे सारखे नसते. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन खेपांत फरक असतो. एखादी खेप एका रायफलीला मानवते, तीच दुसरीला मानवत नाही. म्हणून युरोपातील नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातो, खेपेमागून खेप झाडून पाहतो आणि सर्वोत्तम ठरलेली सगळी पेटी उचलून आणतो. आपल्या चमूतील निवडक खेळाडूंनाही सरकारी साह्याने हे साधते. पण सांगली-सोलापूरच्या त्या मुलाचे काय, जो अजून निवडक झालेला नाही? त्याच्या वाट्याला जे मिळेल ते, जेव्हा मिळेल तेव्हा आणि पडेल त्या भावाने. दिवसाला दीडशे गोळ्या, वर्षाचे अडीचशे दिवस, एवढाच सराव धरला तरी आकडा ३७,५०० होतो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारात हे बसवून दाखवावे! मग मुलगा काडतूस वाचवत सराव करतो. रिकाम्या रायफलीचा चाप ओढतो, आणि नळीची निगा तरी चोख राखावी म्हणून मागच्या बाजूने गज घालून, शिसे व मेणाचा थर सोडवत बसतो. नळी साफ केल्यावर ती पुन्हा स्थिर होण्यासाठी काही गोळ्या खर्ची घालाव्या लागतात. त्याला त्याही जिवावर येतात.

यावर ठरलेला युक्तिवाद पुढे येतो, की बाजारपेठ लहान आहे, आयात परवडते, संरक्षण कारखान्यांचे काम सैन्यासाठी दारूगोळा बनवण्याचे आहे, खेळाडूंचे लाड पुरवण्याचे नव्हे. यातील शेवटचा मुद्दा वजनदार आहे. सीमेवरच्या जवानाची गरज पहिली, याविषयी दुमत असूच शकत नाही. पण बाजारपेठ लहान? राष्ट्रीय छात्र सेनेचे छात्र पिढ्यान्‌पिढ्या पॉइंट टू टू रायफलीवरच पहिला नेम धरायला शिकत आले आहेत. ‘केएफ’ अक्षरांचा ठसा, म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’ची निशाणी, बुडावर मिरवणारे रिमफायर काडतूस जुन्या छात्रांना अनोळखी नाही. म्हणजे विद्या आहे, यंत्रे ठाऊक आहेत, गिऱ्हाईक आहे. नाही ती सरावाच्या काडतुसाला स्पर्धेच्या दर्जापर्यंत नेण्याची ईर्षा.

योगायोग पाहावा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतील दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ही कंपनी पुण्यातच मुख्यालय थाटून बसली आहे. त्याच पुण्यात बालेवाडीची शूटिंग रेंज आहे. काडतूस बनवणारे आणि काडतूस झाडणारे एका शहरात, तरी काडतूस सातासमुद्रापलीकडून! अंजली भागवत यांनी जागतिक नेमबाजीत भारताचे नाव केले, २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, त्यानंतर चौदा वर्षांनी स्वप्नील. नेमबाजांची पिढी बदलली, परदेशी पेटी बदलली नाही.

काडतुसाच्या बाबतीत तरी या देशाला विस्मरण शोभत नाही. परक्याच्या कारखान्यातले काडतूस आणि त्यावरचे परक्याने ठरवलेले वंगण काय करू शकते, हे १८५७ साली बराकपूरपासून मीरतपर्यंत साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले आहे. तेव्हाचा संदर्भ धर्माचा होता, आजचा खेळाचा आहे. पण पुरवठ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे तेव्हाही तेच होते. उद्या एखाद्या युद्धापायी तेथील कारखान्यांनी आपल्याच सैन्याला प्राधान्य दिले, तर त्यांना दोष कोण देणार? तेही आपल्यासारखेच ‘जवान पहिला’ म्हणतील.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. नव्या कंपन्यांना स्वायत्तता दिली ती बाजारात उतरण्यासाठीच ना? मग म्युनिशन्स इंडियाने खडकी वा वरणगाव येथे रिमफायरची एक स्वतंत्र, स्पर्धेच्या दर्जाची मालिका काढावी. तिच्या प्रत्येक खेपेची चाचणी बालेवाडीत, नेमबाजांच्याच रायफलींवर खुलेपणाने व्हावी. जी खेप उतरेल ती जिल्ह्याजिल्ह्यातील रेंजवर माफक दरात द्यावी आणि जी उतरणार नाही ती छात्र सेनेकडे वळवावी. क्रीडा खात्याने सत्कारांच्या धनादेशांतील काही वाटा या कामी आधीच बाजूला काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या पदकाची मिरवणूक निघेपर्यंत थांबावे लागणार नाही.