गाडी परत बोलावणे हा उपकार नव्हे



कंपनीने सदोष गाड्या परत बोलावल्या की तिच्या प्रामाणिकपणाचे ढोल वाजतात. हा प्रामाणिकपणा येतो कुठून?

ह्युंदाईने २०१५ साली अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्टच्या तेलवाटेत कारखान्यातलेच धातूचे कण राहिले होते. तेल अडले की बेअरिंग जाते, धावते इंजिन बंद पडते. एवढ्यावर भागले नाही. २०१६ साली कंपनीच्याच किम ग्वांग-हो या इंजिनियरने सरकारपुढे कागद ठेवले. त्याची नोकरी गेली. पण २०१७ साली आणखी लाखो गाड्या परत घ्याव्या लागल्या. २०२० साली ह्युंदाई आणि किया यांच्यावर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड ठरला.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. दोष धोक्याचा असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, तर सरकार गाड्या परत घ्यायला लावू शकते. आणि आपण? कर्जाची जीप रस्त्यात बंद पडली की नशिबाला बोल लावतो, मिस्त्रीचे पैसे भरतो, गप्प बसतो. नशिबाविरुद्धची तक्रार कोणत्याही दप्तरात मोजली जात नाही.

मिस्त्रीची पावती जपा. तक्रार लेखी करा. त्याच गाडीच्या शेजारच्या मालकालाही करायला लावा. मोजले जाल, तरच कंपनी प्रामाणिक होईल.