विश्लेषण : ‘मस्टँग’ नावाची एसयूव्ही… वेग वाढला, पण खिशाचे काय?

अमेरिकेच्या ‘फोर्ड’ कंपनीने २०१९ मध्ये ‘मस्टँग मॅक-ई’ ही विजेवर चालणारी एसयूव्ही सादर केली, तेव्हा जुन्या मस्टँगच्या चाहत्यांनी नाके मुरडली. इंजिनाचा आवाज नाही, मागेही दरवाजे. मग ही मस्टँग कशी, असा त्यांचा सवाल. तरीही २०२४ मध्ये अमेरिकेत या एसयूव्हीची विक्री दोन दरवाजांच्या मस्टँगपेक्षा अधिक झाली. मात्र, हा वाद आवाज आणि दरवाजांपुरता ठेवला तर मूळ मुद्दा निसटतो.

मूळ मस्टँग काय होती?

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. फोर्डचे तत्कालीन अधिकारी ली आयकोका यांचा रोख तरुण ग्राहकांवर होता. ‘फाल्कन’ या साध्या कौटुंबिक मोटारीचे भाग वापरून खर्च आटोक्यात ठेवला गेला. पहिल्याच दिवशी २२ हजारांहून अधिक गाड्यांची मागणी नोंदवली गेली. मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, बेताच्या ताकदीचे. ऐपत असेल त्याने व्ही-८ घ्यावे. ‘मसल कार’ ही ओळख ठसली ती शेल्बी जीटी ३५० (१९६५) आणि मॅक-१ (१९६९) यांमुळे. ‘मॅक-ई’ हे नाव त्या मॅक-१ वरूनच आले.

कामगिरीत सरस कोण?

नवी गाडी, आणि तीही सहज. मॅक-ईची ‘जीटी’ आवृत्ती ताशी ९७ किमीचा वेग चार सेकंदांच्या आत गाठते. १९६०च्या दशकातील दमदार मस्टँगनाही पाच सेकंदांहून अधिक वेळ लागे. शिवाय तेव्हा अश्वशक्ती सुटे इंजिन चाचणीमंचावर ठेवून मोजत, त्यामुळे माहितीपत्रकातले आकडे फुगलेले असत. १९६४च्या साध्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, एअरबॅग नव्हत्या. वजनात मात्र जुनी गाडी सव्वा टनाच्या आत, तर नवी दोन टनांच्या घरात.

कंपनी एसयूव्हीकडे का वळली?

एसयूव्हीत नफा जास्त. अमेरिकेच्या इंधन-बचत नियमांत अनेक एसयूव्ही ‘हलके ट्रक’ ठरल्याने त्यांना सवलतही मिळत आली. फोर्डने २०१८ मध्येच उत्तर अमेरिकेत सेडान बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मस्टँग तेवढी राखली. विजेच्या गाडीला इंधन-बचतीची ती सवलत नको असते, पण तोवर ग्राहकाची सवय बदलली होती.

मग हरवले काय?

परवडणे. २,३६८ डॉलर म्हणजे २०२०च्या हिशेबाने सुमारे २० हजार. मॅक-ईची जाहीर झालेली सुरुवातीची किंमत होती ४३,८९५ डॉलर, म्हणजे दुपटीहून अधिक. बॅटरी महाग असते, हे मान्य. इंधनावरचा खर्च वाचतो, हेही खरे. पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला हप्ता आधी भरावा लागतो, बचत नंतर दिसते.

म्हणून वारशाची कसोटी आवाज नव्हे, किंमत आहे. विजेवरची मस्टँग वेगात थोरलीला हरवून बसली आहे. आता तिने पहिल्या पगारात बसून दाखवावे. तोवर ते नाव निव्वळ बिल्ला ठरते.