शाळेत काचेचे कपाट हवे

आमचे गाव तेरच्या जवळ आहे. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्याचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथले कापड गाड्यांनी भडोच बंदरात जाई आणि तिथून जहाजाने परदेशी जाई, असे गुरुजींनी सांगितले.

पाऊस पडून गेला की आमच्या शेतात जुन्या खापऱ्या आणि मणी वर येतात. मुले ते शाळेत आणून देतात. पण शाळेत ते पत्र्याच्या पेटीत खडू-डस्टरबरोबर पडतात. मागच्या वर्षी मातीचा एक बैल आला होता. पेटी सरकवताना त्याचं शिंग मोडलं. एक तांब्याचं नाणं आम्हीच चिंचेनं घासलं. ते चकचकीत झालं, पण त्यावरची अक्षरं गेली. मग गुरुजी म्हणाले, "अक्षरं गेली म्हणजे नाणं मुकं झालं."

म्हणून माझे मत असे आहे की शाळेत काचेचे कपाट करावे. मी सुतारकाकांना विचारले. ते म्हणाले, कडुनिंबाचं लाकूड चालेल, त्याला वाळवी लवकर लागत नाही. पण लाकूड चांगलं वाळलेलं पाहिजे. ओलं असलं तर मागून वाकतं आणि काच तडकते. कपाट ३ फूट लांब, ४ फूट उंच करावे. आत तीन फळ्या असाव्यात. पाय दगडावर ठेवावेत, म्हणजे ओल चढणार नाही. मण्यांना लहान खण करावेत, नाहीतर ते घरंगळतात.

प्रत्येक वस्तूजवळ चिठ्ठी पाहिजे. कुणाच्या शेतात, कधी आणि किती खोल सापडली, ते लिहावे. चिठ्ठी नसली तर मणी नुसता मणीच राहतो.

काही जण म्हणतात, तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय आहे, तिकडेच द्या. मोठी वस्तू तिकडे द्यावीच. सोन्याचांदीचे काही सापडले तर कलेक्टरसाहेबांना कळवावे लागते, तसा १८७८ चा कायदाच आहे. पण खापऱ्या तरी आपल्या डोळ्यांसमोर असाव्यात. आजी म्हणते, खापऱ्या कशाला जपायच्या? पण दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी आजीने त्यातच कालवण केले असेल ना!

काही जण म्हणतात, कपाटाला कुलूप असले तरी काच फोडून चोरी होईल. मला तसे वाटत नाही. पेटीतले गेले तर कुणाला कळत नाही. काचेतले गेले तर सगळ्या शाळेला कळेल.

आता एक खरे सांगतो. औतामागं चालताना मला एक लाल मणी सापडला. तो मी शाळेत दिला नाही, दप्तरात ठेवला. पेटीत हरवेल म्हणून दिला नाही. माझे चुकले. पण कपाट झाले की पहिल्या खणात मी तोच ठेवीन, आणि चिठ्ठीही मीच लिहीन.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी