सरासरीत हरवलेल्या वस्त्या : आरोग्यातली विषमता मोजणार कोण?

दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, हे वाक्य आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत आणि जयंतीच्या भाषणांत गेली काही वर्षे फिरते आहे. आकडा खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात तो दिला : मृत्यूसमयीचे सरासरी वय दलित स्त्रियांचे ३९.५ वर्षे, उच्चवर्णीय स्त्रियांचे ५४.१. मात्र हे मृत्यू पावलेल्यांचे सरासरी वय आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात मुले आणि तरुण जास्त, तिथे ही सरासरी आपोआप खाली येते. समोरच्याने एवढे दाखवून दिले की आपली बाजू विनाकारण लंगडी पडते.

आमच्या मते त्याहून भक्कम पुरावा २०२२ च्या अभ्यासात आहे. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी नऊ राज्यांतील वार्षिक आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे आयुर्मान काढले. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी. आर्थिक स्थितीतला फरक लक्षात घेऊनही निम्म्याहून अधिक तफावत उरतेच. म्हणजे "हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे" हे नेहमीचे उत्तर पुरत नाही.

त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही.

देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत (जनगणना २०११). राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या राज्य अहवालात बौद्धांची वेगळी ओळ असते, पण तो नमुना शहराच्या एका वॉर्डापर्यंत उतरत नाही. नवी मुंबईचेच पाहा. सिडकोने आखलेले शहर, स्वच्छतेच्या क्रमवारीत वर. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीला लागून दिघा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर अशा वस्त्या आहेत. पामबीच रस्त्यावरचे टॉवर आणि दिघ्यातली खोली एकाच सरासरीत मिसळली, की कागदावर शहर निरोगी दिसते.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेत तिने अनेक घरे वाचवली आहेत. २०२३ च्या निर्णयाने ती सर्वांसाठी खुली झाली, मर्यादा पाच लाखांवर गेली. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची योजना आहे. मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या, खोकल्याचा एक्स-रे, बुडालेला रोज हा खर्च घरातूनच होतो. ओपीडी सकाळची, आणि कामगार सकाळी नाक्यावर उभा. दुपारी दोन ते रात्री दहा चालणाऱ्या 'आपला दवाखाना'ची कल्पना म्हणूनच योग्य होती. तिथे डॉक्टर आणि औषधे टिकतात का, एवढे वस्तीने पाहत राहावे.

जात कुठे येते? केसपेपरवर ती लिहिलेली नसते. ती पत्त्यात असते, आडनावात असते, बोलण्याच्या ढंगात असते. शिवाय सफाईच्या कंत्राटी कामावर कोण आहे यातही असते. गटारातल्या वायूची विषबाधा असो की सततचा दमा, आजार कामातून येतो आणि काम अजूनही जातीतून येते.

आता जनगणना तोंडावर आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि यंदा जातींचीही गणना होणार आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे यावर आपल्यात वाद नाही. जातीच्या रकान्यावर आहे. धम्म स्वीकारल्यावर जात कशाला सांगायची, ही भावना आम्हाला समजते. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो याच नोंदीच्या आधारे. नोंद रिकामी राहिली, तर उद्या मृत्यूदर काढताना भागायला संख्याच नसेल. प्रगणक दारात येण्याआधी विहारांच्या बैठकांत यावर सविस्तर चर्चा व्हावी. आणि महापालिकेकडे एक साधी मागणी करावी : माता व बालमृत्यू, क्षयरोग, कुपोषण यांचे आकडे वॉर्ड आणि वस्तीनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करा. रुग्णाचे नाव नको, फक्त संख्या. माहिती अधिकाराच्या अर्जाने सुरुवात करता येईल. त्याचे शुल्क दहा रुपये आहे.