मलाखीचं अर्धंच वचन

आमच्या मंडळीत बायबलमधल्या मलाखीच्या दुसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन बहुतेकांना ठाऊक असतं, पण अर्धंच. सूटपत्र, म्हणजे घटस्फोट, देवाला आवडत नाही, एवढं सांगून वडीलमंडळी थांबतात. त्याच वचनात पुढे जुलूम करणाऱ्याचाही धिक्कार आहे. आणि संदेष्टा सुनावतोय कुणाला? तरुणपणी केलेल्या बायकोशी दगाबाजी करणाऱ्या पुरुषांना.

मत्तय 19 चंही तेच. परूशी येशूला विचारतात, वाटेल त्या कारणावरून बायको टाकता येते का? प्रश्न हवेतला नव्हता. हिल्लेलच्या पंथाचे शास्त्री अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायाचा अर्थ इतका सैल लावत, की कालवण बिघडलं तरी सूटपत्र द्यायला तेवढं कारण पुरे. शम्माईचे लोक मात्र बदफैलीवर अडून बसलेले. येशूने नवऱ्यांची ती मोकळीक काढून घेतली. बायकांना रस्त्यावर येण्यापासून वाचवणारं ते उत्तर आज मार खाणारीला त्याच घरात परत धाडायला वापरतात, याची मला चीड येते. अविश्वासी जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेला बंधनात नाही, असं पौल 1 करिंथ 7:15 मध्ये सांगतो. त्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

कायदाही असाच लंगडा होता. ख्रिस्ती घटस्फोटाच्या 1869 च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की झालं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या छळावर घटस्फोट मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती अट मोडली, संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला.

आमच्या महिला मंडळातल्या एकीच्या हातावर नवऱ्याने उकळता चहा ओतला होता. तेव्हा तिला सल्ला मिळाला, प्रार्थना करत राहा. पुढे कोर्टाने घटस्फोट दिला आणि तिच्याकडचा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला गेला. मी विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मुलांसमोर चुकीचा आदर्श नको." नवरा अजून दर रविवारी दानाची पिशवी फिरवतो.

संसार सहजी मोडू नयेत, हे मलाही मान्य आहे. माझा टिकला, त्यात माझ्या सोशिकपणापेक्षा नवऱ्याच्या स्वभावाचा वाटा मोठा. येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: वर्ग तिला परत द्यावा, पिशवी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. अनुमोदक अजून मिळालेला नाही.