किल्ली कोणाकडे?

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर ‘स्वदेस’ लागला होता. 2004 साली तो आला तेव्हा आम्ही दोघांनी थिएटरात पाहिला होता. या वेळी सोबत सासूबाई होत्या. गावकरी मिळून पाणी अडवतात, ते खाली सोडून यंत्र फिरवतात आणि अंधाऱ्या घरात दिवा लागतो, तो प्रसंग आला. माझे डोळे नेहमीप्रमाणे भरून आले. सासूबाई मात्र पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, “कीली यार कडे ऐती?”

त्या वीजघराची किल्ली कोणाकडे राहिली, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मला हसू आलं. पण लगेच आवरलं. सासूबाईंचं माहेर हुन्नूरचं. हिडकलचं धरण झालं आणि जुनं हुन्नूर घटप्रभेच्या पाण्यात गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की तिथलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. त्या वर्षी आम्हाला दर्शनाला नेल्याशिवाय त्या राहत नाहीत. पाण्याची आणि विजेची गोष्ट निघाली की त्यांना सुचणारे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत.

मग मी त्यांना बिलगावची हकिकत सांगितली. सिनेमातल्या त्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा होती, असं त्या काळी पुष्कळ ठिकाणी छापून आलं होतं.

बिलगाव हे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात धडगाव तालुक्यातलं गाव. भिल्ल आणि पावरा आदिवासींचा हा मुलूख. विजेचे खांब तिथवर पोचलेच नव्हते. ही माणसं नर्मदा बचाओ आंदोलनातली. ‘धरण नको म्हणता, मग वीज कुठून आणणार?’ हा प्रश्न त्यांना सतत विचारला जाई. गावाला धबधबा होताच. केरळातल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अनिल आणि मधू हे दोघे अभियंते मदतीला आले, बाहेरच्या मित्रसंस्थांनी पैसा उभा केला, आणि दगड-मातीचं काम गावानं श्रमदानानं केलं. छोटा बांध, त्यातून निघालेला पाट, पुढं टाकी, टाकीतून उतारावर सोडलेला पाइप आणि पायथ्याशी टर्बाइन. फिरवून झालं की पाणी पुन्हा नदीला. जानेवारी 2003 मध्ये पाड्यांवर दिवे लागले.

वीज किती? 15 किलोवॅट. आपल्या न्हाणीघरातला गिझर साधारण 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे साडेसात गिझरांची वीज. पण 60 वॅटचे 250 दिवे तिच्यावर जळतात, आणि एकेका दिव्यापाशी पोर पाटी घेऊन बसू शकतं. यंत्र गावाचं, देखभाल गावाची. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं होतं. म्हटलं, “अत्या, किल्ली गावाकडंच होती.”

“मुंद?” त्यांनी विचारलं. पुढं?

पुढची गोष्ट सांगताना माझाच आवाज खाली आला. मार्च 2006 मध्ये सरदार सरोवराची भिंत 110.64 मीटरवरून 121.92 मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी चढत आलं आणि बिलगावचं वीजघर त्याखाली गेलं. साडेतीन वर्षं पेटलेले दिवे विझले. सरदार सरोवराच्या विजेची क्षमता 1450 मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या जवळजवळ एक लाख पट. त्यात महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. हिशेबाच्या वहीत 15 किलोवॅट कुठं दिसणारसुद्धा नाहीत.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मशीन त्यांचं होतं गं. होळी यारदव्वा?”

होळी म्हणजे नदी. नदी कोणाची?

वाचकहो, शाळा-कॉलेजात इतकं शिकून मला जे सुचलं नाही ते चौथी शिकलेल्या बाईनं दोन शब्दांत विचारलं. आपण म्हणतो, सौर आणली, पवनचक्की आणली, लोकांच्या मालकीची केली की झालं. पण ज्या पाण्यावर, ज्या जमिनीवर ते यंत्र उभं आहे, तिच्याबद्दलचा शब्द त्या माणसांच्या हाती नसेल, तर नुसत्या यंत्राची मालकी किती दिवस पुरणार?

म्हणून एक गोष्ट मला मोलाची वाटते. 2006 च्याच अखेरीस संसदेनं वनहक्क कायदा केला. त्यातल्या कलम 3(2) नुसार जंगलातल्या गावाला शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जेसाठीही वनजमीन मिळू शकते. अट अशी, की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी आणि ग्रामसभेनं शिफारस करावी. म्हणजे सुरुवात गावापासून. हा कायदा आपल्या खानापूरच्या जंगलालाही लागू आहे. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दी बांधवांना 2020 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. उद्या त्यांच्या एखाद्या वाडीनं ओढ्यावर छोटं वीजघर बांधायचं ठरवलं, तर पहिला शब्द त्यांच्याच ग्रामसभेचा असायला हवा. आपण शहरातल्यांनी मदतीला जावं, पण बिलगावच्या त्या दोन अभियंत्यांसारखं, पाहुणे म्हणून.

आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरावर सौर पॅनेल बसवायचं घाटतंय. गेल्या बैठकीत खर्च, अनुदान, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, इतकंच बोलणं झालं. पुढच्या बैठकीला सासूबाईंना घेऊन जाणार आहे. आधी त्यांचा प्रश्न होऊ दे, नारळ मागाहून फोडता येईल.